आप्पांच्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग

आमच्या ब्राह्मणपुरीच्या खळ्यात एक लाल ट्रॅक्टर असायचा. आजोबांनी घेतलेला, माझ्याहून वयानं मोठा. त्याचं स्टेअरिंग मला कळायला लागल्यापासून ढिलं होतं. पाव फेरा फिरवलं तरी पुढची चाकं जागची हलत नसत, आणि मग एकदम वळत. त्यामुळे सरळ जायचं तरी हात सारखे डावी-उजवीकडे खेळवत ठेवावे लागत. हे फक्त आप्पांना, आमच्या वडिलांना, जमायचं. त्यांनी पाडलेली सरी दोरी धरून आखल्यासारखी असे. लोक बांधावर थांबून बघत आणि आप्पा कुणाकडेही न बघता हाकत राहत.

कुणी दुरुस्तीचा विषय काढला की ते म्हणत, "गाडी चांगली शे. हाकनारा पायजे."

थोरला भाऊ दहावीला होता तेव्हा आप्पांनी त्याला पहिल्यांदा त्या सीटवर बसवलं. सरी नागमोडी गेली. आप्पांनी त्याला खाली उतरवलं, चपला काढायला लावल्या आणि त्याच सरीतून चालायला लावलं. वैशाखातली काळी जमीन नुसती पोळत होती. जिथे सरी वाकली होती तिथे आप्पा त्याला थांबवत आणि विचारत, "आठे काबर वळना?" म्हणजे इथं का वळलास. दर वेळी मानेवर चापट बसे. निंदणीच्या बाया काम थांबवून बघत होत्या. एक-दोघी हसल्यासुद्धा, कारण आप्पा त्यांच्याकडे बघून हसले होते. टोकाला पोचल्यावर आप्पा म्हणाले, "आते बठ." भाऊ बसला नाही. त्यानंतर तो त्या ट्रॅक्टरवर कधीच बसला नाही.

पुढे मी पुरुषोत्तमनगरला कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर झालो आणि शेती भावाकडे गेली. केळी, ऊस, ठिबक, सगळं त्यानं उभं केलं. पण सरी पाडायची वेळ आली की सत्तरी ओलांडलेले आप्पाच सीटवर चढत, आणि भावानं मजूर घेऊन त्यांच्या मागे चालायचं. नवीन ट्रॅक्टरचं नाव काढलं की चारचौघांत म्हणत, "याले सरळ चालता येत नही, अन् नवी गाडी पायजे."

गेल्या वर्षी आप्पा बहिणीकडे सुरतला गेले होते. भावाचा फोन आला. "आप्पा यायच्या आत स्टेअरिंग नीट करी टाक. त्यास्ले सांगू नको." भावानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला बरं वाटलं. वाटलं, म्हाताऱ्याच्या हातांची दया आली असेल.

मी रजा टाकून गेलो. स्टेअरिंगचा बॉक्स उघडला तर आतले दात झिजून पार गुळगुळीत झाले होते. दांडा ज्यांत फिरतो त्या बुशांची भोकं लांबोळकी झाली होती. पुढच्या चाकांना जोडणारे बॉल जॉइंट हातानं खडखड वाजत होते. शहाद्याला स्पेअर पार्टच्या दुकानातले शेठ म्हणाले, "इतकी जुनी गाडी अजून चालते?" काही माल त्यांच्याकडे मिळाला, बुश लेथवर करून घेतले. सगळं बसवून ग्रीस भरलं. भाऊ आला, दोन बोटांनी स्टेअरिंग जरासं फिरवलं. पुढची चाकं लगेच तेवढीच हलली. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

आप्पा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उसासाठी सऱ्या पाडायच्या होत्या. भावानं मजूर बोलावले होतेच, शेजारच्या शेतातल्या दोन काकांनाही चहाला बोलावलं होतं. मी म्हणालो, "आप्पांना सांगायला हवं." भाऊ म्हणाला, "समजी जाई त्यास्ले."

आप्पा चढले, गिअर टाकला आणि सवयीनं हात खेळवायला लागले. ट्रॅक्टर डावीकडे गेला, मग उजवीकडे. त्यांनी घाईनं स्टेअरिंग ओढलं तसा तो जास्तच फिरला. पाच-सहा हातसुद्धा सरळ जात नव्हता. मी हाका मारल्या, पण इंजिनच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नसावं. शेवटी बांध ओलांडून पुढचं चाक आमच्याच केळीत घुसलं. चार झाडं घडांसकट आडवी झाली, ठिबकचा पाइप फुटून पाण्याचा फवारा आप्पांच्या तोंडावर उडाला. ते स्टेअरिंग घट्ट धरून तसेच बसून राहिले, ओले.

भाऊ मोबाइल धरून उभा होता. सगळं त्यात आलं होतं. तो जवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आप्पा, आठे काबर वळना तुम्ही?"

मजूर हसले. त्यांना मागचं काही ठाऊक नव्हतं. एक म्हातारा केळीत घुसला म्हणून हसले. आप्पांना मात्र ते वाक्य कळलं. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि खाली उतरले.

दुपारपर्यंत तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर होता. खाली हसरे चेहरे पडत होते. सुरतहून बहिणीनं रडून फोन केला. भावानं तो घेतला नाही. मी त्याला विचारलं, "म्हणून मला बोलावलंस?" तो जेवत होता. म्हणाला, "काम तुन्हं चांगलं व्हयनं."

आठवड्याभरानं आप्पांनी मला खळ्यात नेलं. म्हणाले, "पुन्हा ढिलं करी दे." बॉक्सचा स्क्रू सैल करून थोडा ढिलेपणा आणता येतो, तसा मी आणला. ते चढले. स्टेअरिंगवर हात ठेवले. इंजिन चालू न करताच ते बराच वेळ बसून राहिले, मग म्हणाले, "राहू दे." ओट्यावर उभा राहून भाऊ हे बघत होता आणि दात कोरत होता.

पोळ्याच्या आधी तो ट्रॅक्टर भंगारात गेला आणि नवा आला. भाऊ त्यावर सऱ्या पाडतो. त्या सरळ येतात. आप्पा टोकाला खुणेची खुंटी धरून उभे राहतात. भावानंच त्यांना ते काम दिलं आहे आणि ते नाही म्हणत नाहीत. उलट आता भावाशी ते मऊ बोलतात, त्याला विचारल्याशिवाय शहाद्याला जात नाहीत, आणि पाहुण्यांपुढे त्याच्या शेतीचं कौतुक करतात. असं कौतुक त्यांनी आयुष्यात कुणाचं केलं नव्हतं.

माझ्याशी बोलत नाहीत. मी सुट्टीला गेलो की पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्या हातून घेत नाहीत. मागच्या खेपेला भावाच्या सासरचे लोक आले होते. त्यांच्यासोबत आलेल्या एका नव्या पाहुण्यानं माझ्याकडे बोट करून विचारलं, हे कोण. आप्पांनी मान न वळवता सांगितलं, "ल्हाना शे. दुरुस्ती करस." भाऊ हसला, आणि त्याच्याकडे बघून आप्पाही हसले.