कानबाईची रंजकदाणी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा आई कानबाईच्या पूजेची भांडी घासायला काढत होती. श्रावण तोंडावर आला होता. हातातला तांब्या ठेवून ती खाली बसली. "भला माणूस व्हता रे..." म्हणाली.

नाना माझे भुसावळचे स्नेही. दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि जुन्या हत्यारांच्या मागे लागले. भलताच चिकट माणूस. एखादी वस्तू हातात आली की चहा गार होईस्तोवर खाली ठेवायचे नाहीत, आणि मग गार चहा दिला म्हणून अक्कांशी, म्हणजे बायकोशी, वाद घालायचे. मागच्या श्रावणात मी त्यांना भडगावला आमच्या कानबाईला बोलावलं. पाटावर नथ-दागिने ल्यालेली नारळाची देवी, आणि तिच्याशेजारी आमच्या घराण्याचा अभिमान... अत्तरदाणी. कैरीच्या आकाराची, शिंगाची, अंगभर शिंपल्याच्या चकत्या आणि मधे मधे हिरवे पाचू. कळ दाबली की टोकाचं हरणाचं तोंड उघडतं आणि देवीवर अत्तराचा थेंब पडतो. पाचूंवरून तर आमच्या भाऊबंदांत दोन पिढ्या अबोला होता.

नानांनी कळ दोनदा दाबून पाहिली आणि आईला हळूच म्हणाले, "माय, हाई अत्तरदाणी नही. हाई रंजकदाणी शे." जुन्या बंदुकीच्या कानात, म्हणजे बत्तीच्या भोकात, घालायची बारीक दारू म्हणजे रंजक, ती ठेवायची ही दाणी. शेजारी बसलेले काका लोक उसळले. बंदुकीची दारू देवीच्या पाटावर? पुढच्या वर्षी ही चालणार नाही, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. आईचा चेहरा पडला. सासूने मरताना तिच्या हातात दिलेली ती एकच वस्तू. ती नानांना एवढंच म्हणाली, "पन ती आम्हना घर कथाईन उनी, ते तरी सांग."

दाणी आमच्या घरी आली कुठून, हे शोधायला नाना ती भुसावळला घेऊन गेले. वर्षभर जिथे तिथे फोटो दाखवत हिंडले. मधल्या काळात माझ्या चुलतभावाने सुचवून पाहिलं, की पूर्वज कुणा सरदाराकडे होते असं लिहून द्या, म्हणजे भांडणच मिटेल. नाना त्याच्यावर असे चिडले की मलाच मधे पडावं लागलं.

ज्येष्ठात ते आईला भेटायला आले. खंगले होते, जिना चढवत नव्हता. ओट्यावरच बसून त्यांनी सांगितलं... शिंपल्याचं काम गुजरातकडचं. पण पाचू म्हणजे पाचू नाहीतच, हिरव्या बांगडीच्या काचा आहेत. गळून पडलेल्या चकत्यांच्या जागी कुणीतरी त्या लाखेत बसवल्यात. आतूनही लाख फिरवली आहे, अत्तर मुरू नये म्हणून. "कोणी, ते मी सांगू शकत नाही, माय. पुरावा नाही." एक काच त्यांनी तपासायला काढली होती. तेवढी जागा रिकामी होती. आई त्या खड्ड्यावरून बोट फिरवत राहिली. "बंदूकवाला मरी गया व्हई," ती म्हणाली, "आनि त्यानी बायकोनी आपल्या फुटेल बांगड्या..." नानांनी चष्मा काढून पुसला. काच परत बसवून आणतो म्हणून ते दाणी घेऊन गेले, ते गेलेच.

कानबाईच्या दिवशी अक्का येणार नाहीत म्हणत होत्या. नवरा गेल्यावर आता कुठे अशा ठिकाणी... आईने मला गाडी घेऊन पाठवलं आणि बजावलं, "तिले लेवाशिवाय येऊ नको." अक्का आल्या, दाणी नानांच्या रुमालात बांधून. काकांनी पाटाजवळ जागा करून दिली. आईने गाठ सोडली. रिकाम्या खड्ड्यात हिरवी काच बसली होती, बाकीच्यांपेक्षा नवी, चकचकीत.

"त्यांनी काढलेली सापडली नाही हो," अक्का म्हणाल्या. "मग मी माझ्या बांगडीची बसवली."

आईने दाणी पाटावर ठेवली, अक्कांचा हात धरला आणि कळ त्यांनाच दाबायला लावली.