गुढीवर आलेलं पावणं

त्या वर्षी पाडव्याला उभारलेली आमची गुढी पाडव्याला उतरलीच नाही.

गुढी दिवस मावळायच्या आत उतरवायची असते, हे कृपा करून मला सांगू नका. कोल्हापुरात सून म्हणून आल्यापासून ते मीच सगळ्या गल्लीला सांगत आलेय! पण त्या वर्षी नात आली होती. इरा, वय वर्षं सहा, बेंगळुरूहून, पहिल्यांदाच आईबापाशिवाय. लेकीनं फोनवर बजावलं होतं, "आई, तिला मोहोर दाखव, कोकिळा ऐकव, आपले सण दाखव. आणि हो, धड परत पाठव."

झालं! मला चेव चढला. गुढीला लावायला मी ट्रंकेतून थेट लग्नातला जांभळा शालू काढला.

"अगं, साधा खण लाव की," आमचे हे म्हणाले. "शालू कशाला उन्हात घालतीस?"

"नातीला गुढी दाखवायची हाय, वाळत घातलेला टॉवेल न्हवं!"

गच्चीत गुढी उभी राहिली. कडुलिंबाचा पाला, आंब्याची डहाळी, साखरेच्या गाठी, वर घासूनपुसून लखलखीत केलेला तांब्याचा तांब्या. इरा मान वर करून बघतच राहिली.

"आज्जी, हे कुणासाठी?"

"देवासाठी. मनापासून बोलावलं की येतो तो."

(मोठी माणसं असं सहज बोलून जातात. पुढं काय होईल याचा विचार करत नाहीत.)

इरानं लगेच हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि पार पलीकडच्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "देवाऽ, येऽ! गाठी आहेत!"

दुपारी पुरणपोळीवर ताव मारून घर आडवं झालं. माझा नुकता डोळा लागलेला, तोच इरा मला हलवायला लागली.

"आज्जी, ऊठ ना. देव आले."

"आले तर बसू दे बाळा."

"बसलेत. पण खूप आहेत!"

धडपडत वर गेले आणि दारातच थिजले. तांब्या गायब! त्याच्या जागी फणसाएवढा तपकिरी, सोनेरी घोस लोंबत होता, आणि तो जिवंत होता. मधमाश्या! हजारो! उन्हात त्यांचे पंख लकाकत होते, सगळा घोस श्वास घेतल्यासारखा हलत होता, आणि तंबोरा लावल्यागत एकच गंभीर सूर निघत होता. नातीला उचलून पळायला हवं होतं, हे मला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. आम्ही दोघी एकमेकींचं बोट धरून नुसत्या बघत उभ्या.

"अगं, पळा! आग्यामोहोळ हाय ते!" मागून ह्यांची आरोळी आली, आणि आम्ही भानावर आलो.

दिवस कलायला लागला तशी मी ह्यांच्यामागं लागले. गुढी उतरायलाच हवी, शालू वाचायलाच हवा! शेवटी हे सजले. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, अंगात रेनकोट, हातात पायमोजे, आणि या सगळ्यावर मच्छरदाणी. चैत्रातलं ऊन! बिचारे आतल्या आत शिजत होते. जिना दबकत दबकत चढले आणि दोन-दोन पायऱ्या गाळत उतरले.

"काय झालं?"

"त्यांनी बघितलं माझ्याकडं!"

एवढ्यात शेजारच्या गच्चीवरून शांताक्कांनी बघितलं. शांताक्कांनी बघितलं म्हणजे गल्लीनं बघितलं.

"अगं बया! तुझ्या गुढीवर देवीच उतरली की गं!"

घटकाभरात आमच्या गच्चीत पाय ठेवायला जागा उरली नाही. कुणी नारळ आणला, कुणी ओटी. एका भाविकानं तर अगरबत्तीचा अख्खा पुडाच पेटवला! धूर वर गेला, तंबोऱ्याचा सूर चढला, आणि चार माश्या चौकशीला खाली आल्या. मग काय विचारता! सगळी भक्ती एकाच वेळी एकाच जिन्याकडं धावली. त्यात गर्दीबरोबर पुन्हा वर आलेल्या ह्यांना हेल्मेटच्या काचेवर वाफ धरल्यानं दार दिसेना. ते भिंतीतूनच बाहेर पडायचा प्रयत्न करत होते!

आणि इरा? ती गुढीखालीच उभी! लेकीला काय तोंड दाखवू, म्हणत मी तिच्याकडं धावले. तेवढ्यात ती ओरडली, "सगळे गप्प बसा! ते घाबरलेत!"

गच्ची चिडीचूप झाली. अगरबत्त्या बादलीत विझल्या. हळूहळू सूर खाली आला, माश्या घोसात परतल्या. एवढीशी पोर, पण कोल्हापूरच्या माणसांना गप्प बसवलं तिनं! मी हे आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते.

"पण गुढी तर उतरवायला पाहिजे," मी पुटपुटले.

"तूच बोलावलंस न्हवं?" जिन्यातून शांताक्का म्हणाल्या. "आलेल्या पावण्याला हाकलतीस व्हय?"

गुढी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर ऊन आलं आणि घोस सैल झाला. बघता बघता सगळ्या माश्या उठल्या. आमच्या डोक्यावर सोन्याचा ढग गरगर फिरला, एकदा लांबला, एकदा गोळा झाला आणि शाळेमागच्या मोहोरलेल्या आंब्यांकडं निघून गेला. तांब्या पुन्हा दिसायला लागला. शालूवर ओरखडाही नाही, फक्त मधाचा मंद वास. ह्यांनी हेल्मेट काढून हातात धरलं. माझे डोळे भरून आले.

मी हात जोडले, डोळे मिटले आणि नातीला म्हणाले, "बघितलंस, बाळा? मनात श्रद्धा असली की माशीसुद्धा चाव..."

वाक्य अजून तिथंच आहे. मागं राहिलेली एक माशी माझ्या नाकाच्या शेंड्यावर बसली होती.

माझ्या किंकाळीनं शांताक्का पुन्हा गच्चीवर आल्या. इरा टाळ्या पिटत नाचत होती, "आजोबा, आजोबा! देवानं जाताना आज्जीला प्रसाद दिला!"

दोनच दिवसांनी आमच्याकडं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. एवढी सुंदर आरास केली होती मी! पण आलेली प्रत्येक बाई गौरीच्या आधी माझ्या नाकाला हात जोडत होती.