वेल्माच्या ओळींत मावणारा ट्रॅक्टर

होबार्ट शहराजवळच्या आमच्या ह्युऑन खोऱ्यात वेल्मा थॉर्पइतकी हट्टी बाई दुसरी नाही. पंचेचाळीस वर्षं तिची शेजारीण आहे मी, मला हे म्हणायचा हक्क आहे. इंग्लंडने आमची सफरचंदं घेणं बंद केलं, तेव्हा सरकार झाडं उपटायला पैसे देत होतं. सगळ्यांनी घेतले, आम्हीही. वेल्माने मात्र तो कागद चुलीत घातला. तिच्या बापाने लावलेल्या नऊ ओळी अजून उभ्या आहेत. त्या काळी बागेत घोडा चालायचा, दोन ओळींत तेवढंच अंतर ठेवलेलं.

गेल्या वसंतात तिचा म्हातारा ट्रॅक्टर कायमचा बसला. उन्हाळ्याआधी गवत कापलं नाही तर वणव्याला आमंत्रणच. होबार्टहून तिचा मुलगा ग्रँट धावत आला.

"आई, पन्नास एचपीचा घे. एकाआड एक ओळ काढून टाकू, मोकळा फिरेल."

"ट्रॅक्टर झाडांसाठी घ्यायचा, का ट्रॅक्टरसाठी झाडं तोडायची?"

"त्र्याहत्तर वर्षांची झालीस. जरा ऐक की कुणाचं."

"त्र्याहत्तर वर्षं ऐकतेच आहे!"

शेवटी शनिवारी विक्रेत्याने दोन ट्रॅक्टर आणले: ग्रँटचा पन्नासचा आणि वेल्माने मागितलेला चोवीसचा. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर चालवून बघणं ही कुणाची खाजगी बाब नसते. अर्धं खोरं घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन कुंपणाशी बसलं. पुरुषांनी निकाल आधीच लावून टाकला होता. इथे ट्रॅक्टर जेवढा मोठा, तेवढा मालक शहाणा!

पन्नासचा घेऊन ग्रँट तिसऱ्या ओळीत शिरला आणि कडाडकन फांदी मोडली.

"फांदीच तर आहे," तो म्हणाला.

वेल्मा थेट ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. "उतर खाली."

मग ती चोवीसच्या ट्रॅक्टरवर चढली. "बाई, हा गोल्फच्या मैदानावर गवत कापायला नेतात," विक्रेता हळूच म्हणाला. तिने ओळीतून तो पानालाही धक्का न लावता नेला. आता खरी परीक्षा होती. ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी हातांवर सफरचंदांची मोठी लाकडी पेटी उचलायची, सफरचंदांऐवजी तेवढ्याच वजनाची वाळू भरलेली. तिने दांडा ओढला, आणि पेटीऐवजी पुढची चाकंच वर उचलली गेली. कुंपणाशी हशा पिकला. मीही हसले, आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

वेल्माचं तोंड लालबुंद झालं होतं. "पुढे लोखंडी वजनं लाव," तिने विक्रेत्याला फर्मावलं. "आणि पाव पेटी वाळू काढ. एक खेप जास्त मारीन, तेवढंच."

या वेळी पेटी उचलली गेली. ओळीच्या टोकाला वळून ती परत आली, तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

"हाच ठेवून जा," ती विक्रेत्याला म्हणाली.

ग्रँट चिडला होता. सगळ्यांदेखत म्हणाला, "सांगून ठेवतो आई, तुझ्यामागे या ओळी मी काढणारच!"

मला तर त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वेल्माने शांतपणे गिअर टाकला.

"वाट बघ हो बाळा," ती म्हणाली. "मी काही घाईत नाही."

आणि ती चौथ्या ओळीत शिरली.