नाममुद्रा नसलेलं पद

आमची मुलगी जर्मनीत वृद्धाश्रमात नर्स आहे. भाषा सुधारावी म्हणून चर्चच्या गायकवृंदात जाते, असं तिने फोनवर सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. धसईजवळच्या आमच्या गावात भजनी मंडळाची पेटी माझ्याकडे, आणि माझी लेक चर्चमध्ये! बाटलीस की काय, असं मी तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "बाबा, मला कुणी देव बदलायला नाय सांगितला, नुसतं सुरात गायला सांगितलंय."

मग तिनेच समजावलं. ते चर्च ल्युथरन. दर रविवारी बायबलातला ठरलेला उतारा वाचतात, त्यावर प्रवचन होतं. तीनेकशे वर्षांपूर्वी त्याच उताऱ्याला धरून मोठं गाणं रचायचे आणि प्रवचनाच्या आगेमागे गायचे. त्याला कॅन्टाटा म्हणतात. मधे एकेकट्याची पदं, शेवटी सगळ्यांना पाठ असलेलं साधं स्तोत्र. अजूनही काही रविवारी ते तसंच होतं.

"म्हणजे कीर्तनच की," मी म्हणालो. निरूपण आलं, पदं आली, शेवटी सगळ्यांचा गजर आला. माझा निम्मा राग तिथेच उतरला. उरलेला मी मानापुरता ठेवला.

गेल्या नोव्हेंबरातला एक रविवार. खळ्यात भाताची झोडणी चालली होती. दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. चर्चच्या दारात उभी, गळ्याला मफलर. पहिल्यांदाच तिला एकटीचं पद मिळालं होतं. तिने दोन ओळी गाऊन दाखवल्या. चाल इतकी शांत, की मी हातातली पेंढी खाली ठेवली.

"अर्थ काय गो त्याचा?" आमच्या हिने विचारलं.

मुलीने मराठी करून सांगितलं. "माझं मन इथं लागत नाय. मला फार थकायला झालंय. मरणा, ये आणि मला घेऊन जा."

आणि रेंज गेली. पडद्यावर तिचा चेहरा उघड्या तोंडानिशी थिजला, मग तोही गेला.

आयुष्यभर मी अभंग गायलो, त्यात मरणाच्या गोष्टी काय कमी आहेत? पण आमच्या अभंगात शेवटच्या चरणात रचणाऱ्याचं नाव येतं. नाममुद्रा आली की गाणारा मोकळा, दुःख ज्याचं त्याच्या नावावर. इथे नावच आलं नव्हतं. नुसतं 'मी', आणि ते माझ्या पोरीच्या तोंडून.

"ती स्वतःचंच सांगत होती," ही म्हणाली.

"गप्प बस." मी हिच्यावर खेकसलो आणि देवळामागच्या टेकाडाकडे सुटलो. खळ्यात रेंज येते-जाते, तिथे टिकते. ही मागोमाग, केसांत पेंढ्याची कुसं तशीच. फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. तिकडे हिवाळ्यात भरदुपारी अंधारून येतं, ती एकटी राहते, तिचा चेहरा उतरलाय, हे सगळं मला तेव्हाच दिसायला लागलं. मी देवळाकडे तोंड करून उभा होतो आणि एकही अभंग आठवेना.

बऱ्याच वेळाने तिचाच फोन आला. आवाज हसरा. "बाबा, इतके कॉल? फोन बंद करून गात होते मी."

मी तिला वाट्टेल ते बोललो. असलं अभद्र गातात का? नाममुद्रा कुणाची त्यात?

"नाममुद्रा नसतेच त्यात. जो गातो त्याचंच. आज वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात, बाबा. मी सांभाळायचे त्या दोन म्हाताऱ्याही होत्या त्यात. त्यावर हे पद, आणि मग सगळे मिळून स्तोत्र."

"म्हणजे तुझं नव्हतं ना ते?" मी विचारलं. 'नाय' ऐकायला म्हणूनच विचारलं.

"आता नाय," ती म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात होतं. भाषेबिषेसाठी नव्हते गेले मी चर्चमध्ये. एके दिवशी खोलीवर एकटीने जायची भीती वाटली, म्हणून आत शिरले. कुणीतरी एकटं हेच म्हणत होतं, माझ्या मनातलं. मग सगळे उठून गायला लागले. शेजारच्या बाईने पुस्तक माझ्यापुढे धरलं, तशी मीही उभी राहिले."

आपलाच गैरसमज म्हणून ज्यावर मी हसणार होतो, ते आम्ही बरोबर ऐकलं होतं. फक्त एक वर्ष उशिरा.

हिने माझ्या हातातून फोन घेतला. "घरी येतेस?"

"जूनमध्ये रजा आहे, आई."

"रजेचं नाय विचारत मी," ही म्हणाली, आणि पलीकडे ती रडायला लागली.