एकच मास्क

मी भित्री आहे. गॅस बंद केला की पुन्हा बघते, जिना उतरले की पुन्हा वर येऊन बघते. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. असेना का! घर अजून जळलं नाही ते माझ्यामुळेच. तेव्हा आमच्या वन्संनी जेवता जेवता "मी वेल्डिंगचं मशीन घेणार आहे" असं जाहीर केलं आणि माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतात. उभा जन्म सोफ्यांना आणि खुर्च्यांना कापड चढवण्यात गेला. लोक सांगाडा आणून टाकायचे, वन्सं फोम बसवून, खोळ शिवून द्यायच्या. शिवण अशी की शोधून सापडू नये. आणि डोळा मात्र एकच. डावा काचबिंदूने ऐन चाळिशीत गेला. उजव्यात रोज थेंब घालायचे, वरचेवर तपासून घ्यायचा. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलंय, आज ठीक आहे, पुढचं कुणी सांगू शकत नाही. वन्सं स्वतःच थट्टा करतात, "आंधळा मागतो एक डोळा. तो तर माझ्याकडे आहेच, आता आणखी काय मागू?"

आणि त्या एकुलत्या एक डोळ्यासमोर ही बाई विजेचा लोळ पेटवणार!

"वन्सं, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"जन्मभर दुसऱ्यांच्या सांगाड्यांना कपडे शिवले, वहिनी. एकदा तरी सांगाडा माझा असू दे. दिसतंय तोवर."

नवरा भात कालवत बसला. कठीण प्रसंगी त्याला नेहमी भूक लागते.

मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना विचारू, त्याच खोडून काढतील. त्यांनी डोळा तपासला, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगला मास्क घ्या आणि उघड्या डोळ्यांनी क्षणभरसुद्धा बघू नका. मग करा." केसाने गळा कापला बाईंनी माझा.

दुकानात मी सोबत गेले, म्हणजे अडवायलाच गेले. दुकानदार बोलघेवडा. त्याने आधी साधं रॉडचं मशीन पुढे केलं, "ताई, सगळ्यात स्वस्त हेच." वन्संनी मान हलवली. रॉड जळत जळत आखूड होतो, तसा हात खाली न्यावा लागतो, आणि एका डोळ्याला जवळ-लांबचा अंदाज धड येत नाही. चहा ओततानासुद्धा त्या किटलीची चोच कपाला टेकवून घेतात. त्यांना मिग मशीन हवं होतं. त्यात तार आतून आपली आपण पुढे येते, आपण बंदुकीसारखा घोडा दाबायचा आणि हात सरळ न्यायचा.

"शिलाई मशीनच की हे," त्या मला म्हणाल्या. "आत रीळ, पुढे दोरा, दाबलं की चालू."

"दोऱ्याला आग लागत नाही, वन्सं!"

मग त्याने गॅसच्या सिलिंडरवर चालणारं दाखवलं. मी म्हटलं, तो सिलिंडर घरात येणार असेल तर आधी मला बाहेर काढा. तर म्हणे बिनगॅसची तारही मिळते, तिच्या पोटातच भुकटी असते, तीच जळून जोडाला सांभाळते. धूर जास्त, ठिणग्या जास्त, पण खर्च कमी आणि घरच्या प्लगवर काम भागतं. धूर जास्त, ठिणग्या जास्त! हे तो गुण सांगितल्यासारखं सांगत होता.

वन्संनी सगळ्या मशीनांची झाकणं उघडायला लावली. चकचकीत पडद्याचं एक होतं, त्याची तार ओढणारी चाकं प्लॅस्टिकची निघाली. "मशीन दात बघून घ्यायचं," म्हणत त्यांनी ते बाजूला सारलं. सगळ्यात स्वस्तात तारेचा वेग वेगळा फिरवायची सोयच नव्हती. शेवटी एक मळखाऊ रंगाचं ठेंगणं मशीन ठरलं. चाकं लोखंडी, दोन बटणं वेगवेगळी, सुटे भाग त्याच दुकानात.

मास्कची वेळ आली तेव्हा मी पदर खोचला. ठिणगी पडताच काच आपोआप काळी होते, असं दुकानदार म्हणाला.

"आणि समजा नाही झाली?"

"तरी घातक किरण ती अडवतेच, ताई. उजेडाने दिपेल इतकंच."

"समजा घसरला? समजा पट्टा तुटला?"

माझ्या 'समजा, समजा'ने तो घामाघूम झाला. मी ठणकावलं, मशीन स्वस्तातलं चालेल, मास्कात काटकसर केलीत तर गाठ माझ्याशी आहे. दुकानातला सगळ्यात भारी मास्क घेतला. बांधता बांधता तो म्हणाला, "एक साधा, हातात धरायचाही न्या. जवळ उभं राहणाऱ्याला लागतो."

"जवळ कोण मरायला उभं राहतंय? उगाच गळ्यात मारू नका!" मी म्हणाले.

मशीन पहिल्यांदा चालवायचं त्या सकाळी मागच्या खोलीतून फोम, कापड, दोऱ्यांची रिळं सगळं मी बाहेर काढलं. वाळूची बादली ठेवली, खिडक्या उघडल्या. वन्संनी चामड्याचे हातमोजे घातले, मास्क खाली ओढला. मी सांगितलं, मी गच्चीवर जाते, माझ्याने बघवत नाही.

पण गेले कुठे? समजा बाहीला ठिणगी लागली? समजा हाक मारली आणि मला ऐकू आली नाही? पाय हलेचनात. मी दारातच जीव मुठीत धरून उभी राहिले, मास्क घसरत तर नाही ना, एवढंच बघत. दार नेमकं वन्संच्या डाव्या हाताला. त्या बाजूला त्यांना काहीच दिसत नाही.

तार तडतडली, वाकडी झाली, नुसते गोळे पडले. त्यांनी बटण फिरवलं. पुन्हा उजेड, पुन्हा धूर. मी पापणी लवू दिली नाही. बऱ्याच वेळाने त्यांच्या नव्या स्टुलाचा एक पाय लोखंडी पट्टीला जोडला गेला. त्यांनी हातोडीने ठोकून बघितला आणि मास्क वर केला.

"शिवण वाईट आहे," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण धरलीय."

काही झालं नाही! मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क गाणं गुणगुणले.

संध्याकाळी डोळ्यांत कुणी मूठभर वाळू फेकावी तसं झालं. आधी वाटलं कचरा गेला. मग पाण्याच्या धारा लागल्या, मग दिव्याकडे बघवेना, मग डोळे उघडेचनात. मी किंचाळले. नवरा इकडून तिकडे नुसता धावत होता. वन्संनी माझा दंड धरला.

"सकाळी कुठे होतीस तू?"

"दारात."

"किती वेळ?"

"सगळा वेळ."

"वहिनी!" त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "माझा एक जपायला स्वतःचे दोन घेऊन उभी राहिलीस?"

डॉक्टरीणबाईंनी औषध घातलं, पट्ट्या बांधल्या, म्हणाल्या, वेल्डिंगच्या उजेडाने डोळ्यांची वरची साल भाजलीय, दोनेक दिवसांत भरून येईल. माझा काही विश्वास बसेना. डॉक्टर म्हणणारच असं. मी अंधारात पडून देवाचा धावा करत होते. वन्सं उशाशी बसून, पट्टी सोडून थेंब घालायच्या. एकही थेंब गालावर सांडला नाही.

"वन्सं, मला दिसेल ना?"

"दिसेल."

"नाही दिसलं तर? मी मेलेच. तुम्हाला बरी भीती वाटत नाही!"

त्यांनी थेंबांच्या बाटलीला झाकण लावलं. मग म्हणाल्या, "रोज वाटते. सकाळी जाग आली की डोळा लगेच नाही उघडत मी. थोडी पडून राहते. हिंमत झाली की उघडते."

इतकी वर्षं मी या बाईला सकाळी हाका मारत आलेय. "वन्सं, उठा, ऊन डोक्यावर आलं, किती लोळायचं!"

पट्ट्या निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली. दुखत नव्हतं. पण पापण्या उघडायची माझी छाती होईना. मी तशीच पडून राहिले. मागच्या खोलीतही काही हालचाल नव्हती.

"वन्सं," मी हळूच हाक मारली. "उघडलात का?"

मी डोळे मिटूनच कान टवकारले.

"उघडला," त्या आतून म्हणाल्या. "दिसतंय. तू उघड."

मग मी उघडले.