पेल्यात उरलेला घोट

वस्तीत काम करणाऱ्या आमच्या संघटनेच्या कार्यालयात पाणी वाया घालवायचं नाही, असा दंडकच आहे. त्यामुळे पेल्यात उरलेला घोट जो तो खिडकीतल्या मनीप्लँटच्या कुंडीत ओततो. हे रोप शैलाताईंनी घरून आणलेलं, त्यांचं फार लाडकं. त्याची पानं पिवळी पडू लागली, तेव्हा "बिचारं तहानलंय" म्हणत सगळे जास्तच ओतू लागले.

आज दुपारी ताईंनी मातीत बोट खुपसून पाहिलं. आंबूस वास आला.

"अगं, तहानलंय कसलं? बुडतंय हे!"

आम्ही दोघींनी रोप कुंडीतून बाहेर काढलं. बरीच मुळं तपकिरी, लिबलिबीत झाली होती. ती कापली आणि उरलेलं रोप वाळू मिसळलेल्या कोरड्या मातीत लावलं.

"जगेल का ताई?" मी विचारलं.

"थोडी मुळं पांढरी आहेत अजून. आता काही करू नकोस. जमेल का तुला, भाषणवाले?" वस्तीतली भाषणं माझ्याकडेच असतात.

खिडकीतून मऊ ऊन येत होतं. मातीच्या अंधारात ती पांढरी मुळं हळूहळू श्वास घेत असतील, असं वाटत राहिलं. वस्तीत एखादा उतरलेला चेहरा दिसला की आम्ही लगेच पत्रक देतो, उपदेश ओततो. आत ओल किती साचली आहे, हे कुणी चाचपत नाही. न विचारता केलेली माया ही जबरदस्तीच असते, मग ती कितीही चांगल्या मनाने केलेली असो.

आम्ही दोघी रोपापाशी नुसत्या बसून राहिलो. एखादं पान जरा लवलं की माझा हात पुढे जाई, आणि ताई तो हलकेच धरून ठेवत.