मागं सारलेला पदर
जवसाच्या तेलाचा वास आला की मला अजून संताप येतो. परमुलखात लढाई पेटली होती, आमच्या वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव होता आणि त्या कापसामागं गोरे साहेब भातकुलीच्या शेतांपर्यंत पोचले होते. पहिल्या वेचणीच्या सकाळी माय कापसाच्या पऱ्हाटीत दहीभात शिंपडून पूजा करत होती, तेव्हा त्यांच्यातला एक साहेब जवसाच्या तेलात कालवलेले रंग घेऊन आमच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसला. त्याचा दुभाषा आपल्या अमरावतीचाच. तो मायला म्हणाला, "बाई, पदर मांगं घ्या. साहेब तुमचा चेहरा काढून राहिला." परपुरुषापुढं मायनं कधी कपाळही दाखवलं नव्हतं. पण तिची आई तिकडं तिवशाला अंथरुणाला खिळलेली. "तसबीर माह्या मायले दाखवाल का?" तिनं विचारलं. "दाखवू ना!" मायनं पदर मागं सारला. सासू बघत होती, वेचणाऱ्या बाया कुजबुजत होत्या, ऊन डोळ्यांत घुसत होतं, तरी ती हलली नाही. शेवटी साहेबानं चित्र फिरवलं. पांढरं शेत, निळं आभाळ आणि मधोमध नखाएवढा तांबडा ठिपका. "मी कुठी हाओ?" दुभाष्यानं ठिपक्यावर बोट ठेवलं. "आन् चेहरा?" तो हसला, "साहेब चेहरे काढतच नाही. पण तसं सांगतलं असतं, तर तुमी थांबल्या असत्या का?" त्या दिवसापासून मायनं पदर असा ओढला की आम्हा लेकरांनाही ती कधी पुरती दिसली नाही. आता तिचा चेहरा आठवायला बसते, तर मलाही तो ठिपकाच दिसतो.